एकही शब्द न बोलता: गावात लघुपट करताना भावना चित्रांतून कशी पोचवायची

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, कळंब, वणी या भागातली पोरं मोबाईलवर काढलेले लघुपट मला पाहायला पाठवतात. त्यातले बरेच बिनसंवादाचे असतात आणि बहुतेकांत एकच चूक असते. गोष्ट बोलक्या सिनेमाची लिहिलेली असते आणि मग त्यातले संवाद तेवढे काढून टाकलेले असतात. माणसं ओठ हलवतात, हातवारे करतात, मागे बासरी वाजत राहते, आणि शेवटी कोणीतरी भेगाळलेल्या जमिनीवर बसून आभाळाकडे पाहतं. दुःख आहे एवढं कळतं. कोणाचं, कशाचं, किती, हे कळत नाही.

त्या भेगांचंच घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, भरघोस पिकलेल्या वर्षीही पडतात. गावातल्या माणसाला त्यात दुःख दिसत नाही, चैत्र-वैशाख दिसतो. मग ते चित्र आपण कोणासाठी काढतो?

खाली कामाचा क्रम दिला आहे. तो मोडू नका, कारण पुढच्या बहुतेक चुका मागचा टप्पा घाईत उरकल्यामुळे होतात. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच उदाहरण वापरतो: आई आणि मुलगी शेजारशेजारच्या तासात (म्हणजे पिकाच्या ओळीत) कापूस वेचतात, मुलगी परिचारिकेच्या नोकरीला नागपूरला जाते, आई मागे राहते. पाच मिनिटांचा लघुपट, एकही संवाद नाही.

## टप्पा १: भावना एका वाक्यात लिहा, पण भावनेचं नाव न घेता

'विरह', 'वेदना', 'मायेची ओढ' असे शब्द वहीत लिहिले की काम झाल्यासारखं वाटतं. पण कॅमेऱ्याला वेदना दिसत नाही. त्याला हात दिसतो, पाठ दिसते, रिकामी जागा दिसते. म्हणून वाक्य असं लिहा, की त्यात कोण, काय करतं आणि पूर्वी काय करायचं, एवढंच येईल.

चुकीचं वाक्य: मुलगी गेल्यामुळे आई एकटी पडते.

चालणारं वाक्य: मुलगी गेली तरी आईचा हात तिच्या तासाकडे जातोच.

पहिल्या वाक्यावरून दहा जण दहा चित्रं काढतील आणि त्यातली नऊ रडणारी असतील. दुसऱ्या वाक्यात चित्र ठरलेलं आहे. भावना माणसाच्या तोंडावर शोधू नका, त्याच्या सवयीत शोधा. आपल्या घरांमध्ये कोणी 'मला तुझी आठवण येते' असं म्हणत नाही. दोन भाकरी जास्त पडतात, गादी दोन जणांची घातली जाते, आणि घरच्यांना तेवढ्यावरून सगळं समजतं.

तपासा: वाक्यातलं क्रियापद करून दाखवता येतं का? 'जाणवतं', 'आठवतं', 'वाटतं' यांपैकी काही आलं असेल तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २: दोन दिवस मोबाईल खिशात ठेवून बघा

हा टप्पा सगळे गाळतात. 'आपलंच गाव आहे, आपल्याला माहीतच आहे', असं म्हणतात. खरं तर रोज बघतो तेच आपल्याला सर्वात कमी दिसतं.

वेचणी चालू असलेल्या वावरात धुऱ्यावर (बांधावर) बसा. वही घ्या. बायका कशा कामाला लागतात, कंबरेला ओटी कशी बांधतात, पहिलं बोंड कोणत्या हाताने घेतात, ओटी भरली की गाठोड्याकडे कशा वळतात, ते लिहा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना टोचतात. कोणी बोटाला चिंधी गुंडाळते, कोणी टोचलेलं बोट तोंडात धरून दुसऱ्या हाताने वेचत राहते. या गोष्टी घरी बसून सुचत नाहीत.

मी असा बसलो होतो तेव्हा एक गोष्ट दिसली. दोन बायका शेजारच्या तासात होत्या. एक जरा पुढे गेली, मग थांबली आणि मागे राहिलेल्या शेजारणीच्या तासातली चार बोंडं स्वतःच वेचून तिच्या ओटीत टाकली. दोघी पुन्हा बरोबरीत आल्या. एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही, बोलणं चालूच होतं. मजुरी किलोवर असताना स्वतः वेचलेली चार बोंडं दुसरीच्या ओटीत टाकायची, म्हणजे तेवढे पैसे तिला द्यायचे. मी वर्षानुवर्षं वेचणी बघत आलो, पण हे कधी बघितलं नव्हतं. आपल्या उदाहरणातला सगळा लघुपट या चार बोंडांवर उभा राहणार आहे.

वहीत किमान २० हालचाली जमल्याशिवाय उठू नका. त्यातल्या ज्या दोन माणसांमध्ये घडतात, त्यांच्यावर खूण करा. एकट्याने केलेल्या कृतीत भावना दाखवणं अवघड जातं. दोघांमधली कृती असेल तर दुसरा माणूस चौकटीतून काढून घेतला की काम होतं.

सावध: जे पाहायचं ठरवून गेलात तेच दिसलं, तर पुन्हा जा.

## टप्पा ३: एक कृती, तीन वेळा

निवडलेली कृती तीन वेळा दाखवायची. याहून सोपी आणि खात्रीची मांडणी मला तरी माहीत नाही.

पहिल्यांदा ती नेहमीसारखी घडते. आई पुढे गेलेली असते, मुलीच्या तासातली चार बोंडं वेचून तिच्या ओटीत टाकते. इथे भावना दाखवायची नाही. फक्त सवय दाखवायची, तीही ओझरती.

दुसऱ्यांदा ती तशीच घडते, पण दुसरं माणूस नसतं. आईचा हात शेजारच्या तासात जातो, चार बोंडं काढतो, आणि ती टाकायला ओटी नसते. मूठ हवेत थांबते. मग आई ती आपल्याच ओटीत टाकते आणि पुढे वेचू लागते.

तिसऱ्यांदा काहीतरी बदलतं. त्या तासात आता दुसरी मुलगी आली आहे, नवखी, मागे पडणारी. आई आधी तिच्याकडे बघत नाही, पुढे निघून जाते. मग थांबते, मागे येते आणि चार बोंडं तिच्या ओटीत टाकते.

पहिली वेळ बहुतेक जण गाळतात, कारण त्यात 'काही घडत नाही' असं वाटतं. पण पाहणाऱ्याने सवय पाहिलीच नसेल तर ती मोडलेली त्याला कळणार कशी? रिकामा खुंटा दाखवून बैल गेल्याचं दुःख पोचवायचं असेल, तर आधी त्या खुंट्याशी रोज पहाटे कडबा टाकणारा हात दिसलाच पाहिजे. नाहीतर तो नुसता खुंटा.

## टप्पा ४: 'काय झालं?' याचं उत्तर चित्रात ठेवा

बिनसंवादाच्या लघुपटात भावनेआधी माहिती अडते. आमच्या कार्यशाळेत हीच गोष्ट पहिल्यांदा काढली तेव्हा पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटलं मुलगी वारली, उरलेल्यांना वाटलं तिचं लग्न झालं. चूक पाहणाऱ्यांची नव्हती. आपल्याकडे घरातून मुलगी दिसेनाशी झाली की माणसाच्या मनात याच दोन गोष्टी आधी येतात.

यावर पोरं झटकन चिठ्ठी, नेमणुकीचं पत्र किंवा व्हॉट्सॲपवरचा संदेश दाखवतात. हे करू नका. पडद्यावर वाचायला लावलेला मजकूर म्हणजे लिहून आणलेला संवादच. तो वाचताना माणूस चित्र बघणं थांबवतो. शिवाय गावात दाखवाल तेव्हा समोर बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना तो वाचताच येणार नाही.

त्याऐवजी वस्तू शोधा. आम्ही शेवटी तीन वस्तू घेतल्या: पांढरा कोट, ज्याची बाही आई रात्री दिव्याखाली दुमडून शिवते, आरशाच्या चौकटीत खोचलेली पासपोर्ट फोटोंची पट्टी, जिच्यातले दोन फोटो कापलेले आहेत, आणि उंबऱ्याजवळ ठेवलेले नवे पांढरे बूट, ज्यांना अजून माती लागलेली नाही. तिन्ही मिळून १५ सेकंदांत उरकतात. त्यानंतर लग्नाचा किंवा मरणाचा गैरसमज कोणाचा झाला नाही.

निरोपाचा प्रसंग मात्र चक्क गाळा. एसटी, खिडकीतला हात, मागे धावणारी आई, हे सगळं पाहणाऱ्याने शंभरदा पाहिलेलं आहे. बूट उंबऱ्यावर आहेत. पुढच्या शॉटमध्ये उंबरा तोच, बूट नाहीत. मुलगी गेली.

तपासा: गोष्टीतली प्रत्येक माहिती एका ओळीत लिहा आणि तिच्यासमोर ती सांगणारी वस्तू लिहा. ज्या ओळीसमोर वस्तू नाही ती माहिती पडद्यावर येणार नाही, कितीही गृहीत धरली तरी.

## टप्पा ५: चित्रयादी लिहा

पटकथा लिहायची गरज नाही, चित्रयादी पुरते. पाच मिनिटांसाठी २५ ते ३५ शॉट. प्रत्येक शॉटसमोर तीन गोष्टी: काय दिसतं, किती जवळून, आणि आधीचा शॉट पाहिल्यावर याने नवीन काय कळतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर शॉट काढून टाका. ड्रोनने घेतलेला वावराचा शॉट बहुतेक वेळा इथेच गळतो, आणि गळू द्यावा. उंचावरून माणूस ठिपक्याएवढा दिसतो, त्याचा हात दिसत नाही.

अंतर ठरवताना एक नियम पाळा. माणूस आणि रिकामी जागा यांचं नातं दाखवायचं असेल तेव्हा दुरून. कृती दाखवायची असेल तेव्हा जवळून. चेहऱ्याचा क्लोजअप अख्ख्या लघुपटात दोनदाच वापरायचा असं आधीच ठरवून टाका. म्हणजे तो कुठे लागतो याचा विचार होईल.

चेहऱ्याबद्दल आणखी एक. सुमारे १०० वर्षांपूर्वी सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला. सुपाच्या ताटलीनंतर तो भुकेला वाटला, शवपेटीनंतर दुःखी. चेहरा बदललेला नव्हता, शेजार बदलला होता. आईला रडायला लावायची गरज का नसते, ते यात आलं. आधीच्या शॉटमध्ये रिकामा तास असेल, तर पुढचा साधा, घाम पुसणारा चेहरासुद्धा पुरतो.

आता चौकटीकडे या, कारण सर्वात जास्त नुकसान इथे होतं. पहिल्या भागात दोघी असताना आई चौकटीच्या डाव्या बाजूला आणि मुलगी उजव्या बाजूला ठेवली, तर मुलगी गेल्यावर आई डावीकडेच राहिली पाहिजे. उजवी अर्धी चौकट रिकामी. मोबाईल हातात असलेला माणूस सवयीने आईला मधोमध आणतो, 'फ्रेम नीट करतो', आणि जी रिकामी जागा दाखवायची होती तीच कापून टाकतो. आमच्या एका लघुपटाचे सहा शॉट असे वाया गेले होते. तेव्हापासून आम्ही चित्रयादीत प्रत्येक शॉटचा छोटा चौकोन काढतो आणि रिकामी बाजू पेन्सिलीने काळी करतो.

त्यासाठी कॅमेरा तासांच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. एका धुऱ्यावर उभे राहिलात तर संपूर्ण चित्रणभर त्याच बाजूला राहा. पलीकडे गेलात की डावं-उजवं उलटतं आणि मुलीच्या जागी आई दिसू लागते.

सावध: तिसऱ्या वेळेला नवी मुलगी येते ती याच उजव्या बाजूने आली पाहिजे.

## टप्पा ६: चित्रणाची तयारी

पिकाचं वेळापत्रक आधी, आपलं नंतर. वेचलेला कापूस बोंडात परत जात नाही. शॉट चुकला, पुन्हा घ्यायचा तर तेच झाड आता रिकामं आहे. म्हणून मालकाशी आधी बोला आणि सात-आठ तास (ओळी) न वेचता राखून ठेवायला सांगा. प्रत्येक फेरीला पुढच्या तासाकडे सरकायचं. कापूस एका दमात वेचला जात नाही, काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेचे होतात. जमलं तर पहिला भाग सुरुवातीच्या वेच्यात आणि दुसरा भाग पुढच्या वेच्यात घ्या. तोवर पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडांची) पानं लालसर होतात, गळतात, कापूस विरळ होतो. दिवस गेले हे सांगायला कॅलेंडरची पानं उलटावी लागत नाहीत.

मजुरी. वेचणारीला मजुरी किलोवर मिळते. तुमच्या फेऱ्यांसाठी ती थांबली तर तिचा दिवस बुडतो. तिला दिवसाची पूर्ण मजुरी आधी ठरवून द्या, आणि मालकालाही सांगून ठेवा. 'पाचच मिनिटं' म्हणून अडीच तास थांबवणारे मी पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी वावरात कोणी आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

उजेड. सकाळी कापूस दवाने ओला असतो, म्हणून वेचणी दव सुकल्यावर सुरू होते. पहाटेच्या कोवळ्या उन्हात वेचणी दाखवाल तर गावातला पहिला माणूस हसेल. घरातले शॉट सकाळी घ्या, वावरातले नऊ-दहानंतर किंवा दुपार कलल्यावर. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो, त्याआधीचा तासभर सर्वात चांगला. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. काळी माती उजेड पिऊन टाकते, खालून चेहऱ्यावर काहीच परत येत नाही. चौकटीबाहेर, पायांशी पांढरी चादर अंथरा. फरक लगेच दिसेल.

मोबाईल. मागचा मुख्य कॅमेरा वापरा, रुंद कोनाचा नको. तो जवळचे हात फुगवतो आणि मागचं वावर दूर ढकलतो. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. बऱ्याच मोबाईलमध्ये आधीपासून असलेल्या ३० फ्रेमवर एलईडी आणि ट्यूबलाइट लुकलुकतात, आणि रात्री कोट शिवण्याचा शॉट त्यानेच बिघडतो. उन्हात १/५० ठेवून चित्र पांढरं पडत असेल तर तिथे शटरचा वेग वाढवा, पण घरातल्या दिव्याखाली वाढवू नका. फोकस आणि उजेड दोन्ही शॉटआधी लॉक करा. लॉक केलं नाही तर आईचा हात चौकटीत आला की उजेड आपोआप बदलतो आणि पाहणाऱ्याचं लक्ष हातावरून उडतं. उजेड कापसावर बघून जरा कमीच ठेवा. धागे पांढऱ्या डागासारखे उडाले तर नंतर परत येत नाहीत. चेहरा चादरीने उजळता येतो.

फ्लाइट मोड लावा, मोबाईल सावलीत ठेवा, चार्ज करत करत शूट करू नका. तापला म्हणून बर्फाजवळ किंवा फ्रिजमध्ये तर मुळीच नको. आत दमट वाफ धरते. जागा मोकळी करून घ्या. १०८० (फुल एचडी) वर मिनिटाला साधारण १०० ते १५० एमबी लागतात.

## टप्पा ७: चित्रणाचा क्रम

गोष्टीच्या क्रमाने शूट करायचं नाही. वावराचा क्रम असा:

१. कोणी तासात उतरण्याआधी, न वेचलेल्या वावराचे दूरचे शॉट. हे राहिले तर पुन्हा मिळत नाहीत.

२. दोघी असलेले दूरचे शॉट.

३. लगेच त्याच जागी, कॅमेरा न हलवता, आई एकटी. पायांखालची जागा दगडाने खूण करून ठेवा, मोबाईलचा स्टँड तसाच. रिकाम्या चौकटीचा जोडीदार शॉट असाच जुळतो. दोन भाग दोन वेच्यांत घेणार असाल तर खुणेचा दगड तिथेच राहू द्या, आणि पहिल्या दिवशीच्या चौकटीचा फोटो सोबत ठेवा.

४. मध्यम अंतराचे शॉट: चार बोंडांची कृती, तिन्ही वेळा, त्याच उंचीवरून. मोबाईल ओटीच्या उंचीला असू द्या, डोळ्यांच्या उंचीला नको. इथे गोष्ट हात सांगतात.

५. हातांचे क्लोजअप. सगळे एकदम, उजेड सारखा असताना.

६. चेहरे शेवटी. तोवर माणसं कॅमेऱ्याला सरावलेली असतात आणि खरंच थोडी दमलेली असतात.

प्रत्येक शॉटच्या आधी ५ सेकंद आणि नंतर ५ सेकंद काहीच न करता रेकॉर्डिंग चालू ठेवा. कृती संपल्यावरच्या त्या ५ सेकंदांत माणूस काय करतो, ते बहुतेकदा ठरवलेल्या कृतीपेक्षा चांगलं निघतं. मूठ हवेत थांबण्याचा जो शॉट आम्ही शेवटी वापरला, तो तसाच मिळाला होता. 'झालं' म्हणायला उशीर झाला, बाईंना आता काय करायचं ते कळेना, हात तिथेच राहिला.

तपासा: दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सगळे शॉट सावलीत बसून मोठ्या पडद्यावर, निदान दुसऱ्या मोबाईलवर, बघा. संध्याकाळी घरी गेल्यावर कळलेल्या चुकीचा उपयोग नाही.

## टप्पा ८: माणसांना भावना सांगू नका, काम सांगा

'आता तुम्हाला मुलीची आठवण येतेय, असा चेहरा करा', असं सांगितलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. भुवया चढतात, खालचा ओठ बाहेर येतो. एका बाईंना आमच्या पोराने असं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रडू कायले? वेचू का नोको?" दिग्दर्शनाचा याहून चांगला धडा मी कुठे ऐकला नाही.

काम सांगा, आणि त्यात अडचण घाला. 'या तासातली चार बोंडं काढा, मग इथे ओटी आहे असं समजून टाकायला जा.' 'बाही दुमडा, पण सुईत दोरा ओवायला हा कमी उजेड.' अडचण सोडवताना माणसाचा चेहरा आपोआप खरा होतो.

झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकात काम केलेले कलाकार तुमच्यासोबत असतील तर त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागते. मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं आवाज आणि अंग कमावलेलं असतं, आणि ती कमाई मोठी आहे. कॅमेरा मात्र पहिल्या रांगेच्याही पुढे, वीतभर अंतरावर बसलेला असतो. त्यांना 'कमी करा' असं म्हणू नका, ते अपमानासारखं लागतं. 'शेजारणीलासुद्धा कळू द्यायचं नाही, असं करा', हे सांगा. लपवणं त्यांना उत्तम जमतं, आणि लपवलेलंच पडद्यावर दिसतं.

तीन फेऱ्यांत शॉट जमला नाही तर चौथी घेऊ नका. चूक माणसाची नसते, कृती चुकीची निवडलेली असते. चित्रयादीकडे परत जा.

## टप्पा ९: आवाज

संवाद नाहीत म्हणजे आवाज नाही असं नव्हे. बोलणं नसलं की बोंड तुटण्याचा आवाज ऐकू येतो, गाठोडं काट्यावर चढताना होणारी करकर ऐकू येते, लांबची मोटार, टिटवी. हे आवाज वेगळे रेकॉर्ड करा, मोबाईल कृतीजवळ नेऊन. प्रत्येक जागेवर, कोणीही न हलता, एक मिनिट नुसती तिथली शांतता घ्या. जोडकामात (एडिटिंगमध्ये) दोन शॉटमधली फट तिनेच भरते.

पहिल्या भागात दोघींच्या बांगड्यांचा आवाज आणि दुसऱ्या भागात एकीच्याच, एवढा फरक ठेवला तर डोळे मिटूनही गोष्ट कळते. संगीत शेवटी घाला, आणि आधी संगीताशिवाय पूर्ण करून बघा. बासरी लावल्याशिवाय प्रसंग उभा राहत नसेल तर तो बासरी लावूनही उभा राहणार नाही.

## टप्पा १०: जोडकाम

आधी आवाज पूर्ण बंद करून जोडा.

कापायचं कधी, हा प्रश्न सगळे विचारतात. कृती पाहणाऱ्याला कळली की लगेच कापा, एकच अपवाद सोडून: दुसरी वेळ. तिथे मूठ हवेत थांबल्यावर जेवढं थांबावंसं वाटतं त्यापेक्षा दोन सेकंद जास्त थांबा. बाकी सगळीकडे लवकर कापलेलं असेल तरच हे थांबणं जाणवतं. अख्खा लघुपट संथ ठेवला तर कुठलंच थांबणं थांबण्यासारखं वाटत नाही. 'भावनिक' म्हणून स्लो मोशन लावणाऱ्यांचं हेच होतं.

मूठ थांबल्यावर चेहऱ्यावर जायचं की रिकाम्या तासावर? आम्ही दोन्ही करून पाहिलं. चेहऱ्यावर गेलो तर पाहणारे आईकडे बघत राहिले. रिकाम्या तासावर गेलो तर ते आईच्या जागेवरून बघू लागले. तासच ठेवा, चेहरा नंतर.

तिसऱ्या वेळेनंतर लांबवू नका. चार बोंडं ओटीत पडली, दोघी पुढे सरकल्या, कापा. त्यापुढे मावळता सूर्य, घरी परतणारी बंडी, आईचं हसू, यातलं काहीही आलं की जे पोचलं होतं ते पुसलं जातं.

रंग बदलणारे फिल्टर वापरू नका. पिवळसर रंग लावला की आपल्याकडचा हिवाळाही मे महिना वाटतो.

## टप्पा ११: पारख, मगच शेवटची प्रत

गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना, एकेकाला वेगळं बसवून, आवाज बंद ठेवून दाखवा. 'कसं वाटलं?' विचारू नका, सगळे 'मस्त' म्हणतील. तीन प्रश्न विचारा: या दोघी एकमेकींच्या कोण? मुलगी कुठे गेली? मूठ का थांबली?

पहिल्या दोन प्रश्नांना पाचपैकी चार बरोबर उत्तरं आली पाहिजेत. न आल्यास टप्पा ४ कडे जा, वस्तू कमी पडली आहे. तिसऱ्या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर थोडं वेगळं आलं तरी चालेल. पण कोणी 'मूठ थांबली होती का?' असं विचारलं, तर पहिली वेळ फार ओझरती झाली आहे किंवा शॉट फार दुरून आहे. पाचही जणांनी शब्दाला शब्द तेच उत्तर दिलं तर तुम्ही जास्त दाखवलंय; दुसऱ्या वेळेनंतरचा चेहऱ्याचा क्लोजअप काढून पुन्हा दाखवा.

दुरुस्त्या झाल्या की मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा आणि मग शेवटची प्रत काढा. पहिला खेळ ज्या बायकांनी वेचलं त्यांना दाखवा, रात्री जेवणं आटोपल्यावर, कोणाच्या तरी अंगणात चादर बांधून. सकाळी किंवा संध्याकाळी ठेवाल तर त्यातल्या अर्ध्याअधिक येऊच शकणार नाहीत. आणि दाखवताना पडद्याकडे नका बघू, त्यांच्या हातांकडे बघा. तिसऱ्या वेळेला शेजारणीकडे हात जातो का, ते वहीत लिहून ठेवा.